चावीसोबत ठेवलेला कागद

चावी डावीकडे दोनदा फिरव, मग दार
खांद्यानं ढकल. उन्हाळ्यात चौकट फुगते.

हेमांगी,
तू सलालाहून येणाऱ्या बसमध्ये असशील
आणि माझं विमान त्याआधीच आहे,
म्हणून हे कागदावर.

मे ते सप्टेंबर गीझर बंद ठेव.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
थंडचा नळ भाजून काढतो.
आंघोळीला गरमचा नळ सोड.
बंद गीझरमधलं पाणी घराच्या सावलीत निवलेलं असतं.
इथं लाल खूण म्हणजे गार.
मला कळायला दोन उन्हाळे लागले.

भिंतीला खिळा मारू नकोस.
मालक खमीस भला माणूस, रमजानात खजूर पाठवतो,
पण घर सोडताना भिंतीवरून तळहात फिरवतो,
बैल विकत घेणाऱ्यासारखा,
आणि भोकागणिक पाच रियाल कापतो.
घर सजवायचंच तर पडद्यापासून सुरू कर.
आतून काळा अस्तर, वरून तुझ्या मनाचा रंग.
मी मोरपंखी घेतला.
रुवीचा डोंगर तपकिरी, रस्ता तपकिरी,
उभ्या गाडीची काचसुद्धा;
डोळ्यांना कुठंतरी पाणी पाजायला हवं ना.
कढीपत्त्याची कुंडी सिंकजवळच राहू दे.
तांदूळ धुतलेलं पाणी घाल.
बाल्कनीत नेऊ नकोस. तिथं दोन गेले.

पैशाचं.
पगार झाला की आधी गावी पाठव,
उरलेल्यात जग, असं सगळे सांगतील.
मी उलटं सांगते.
आधी भाडं, मग वीज,
मग तुझ्या दातांचे, डोळ्यांचे पैसे बाजूला,
मग गाव.
दाढ ठणकत असताना मी तीन महिने लवंग धरली,
कारण घराचा स्लॅब पडायचा होता.
स्लॅब पडला.
दाढही पडली.

आणि रेट चढेल म्हणून थांबू नकोस.
दिगंबर एकदा थांबला होता, नऊ दिवस,
एक्स्चेंजच्या काचेला रोज नाक लावून.
साडेतीनशे रुपये जास्त मिळाले.
तोवर नणंदेनं पाटली गहाण टाकलेली.
ती काही बोलली नाही. तेच महाग पडलं.
(दिगंबर सहाव्या वर्षी परत गेला, मी राहिले.
त्याला हा कागद पुरणार नाही.)

तब्येत सांभाळ. एवढ्या उन्हाच्या मुलखात
माझ्या हाडांना ऊन मिळालं नव्हतं.
रिपोर्ट बघून नर्स लिसम्मा हसली,
मग तिनं स्वतःचाही दाखवला.
सकाळी सहाला, पाण्याची गाडी यायच्या आत,
बाह्या वर करून गच्चीवर वीस मिनिटं उभी राहा.
वॉचमन बघेल. बघू दे.
संध्याकाळी हायपरमार्केटमध्ये चाल,
भांड्यांपासून माशांपर्यंत नऊ फेऱ्या, गार हवेत.
ट्रॉली घेऊ नकोस, पाकीट घरी ठेव.
पाकीट नेलं की चालणं महागात जातं.
आणि चहात कंडेन्स्ड मिल्क घालू नकोस, हे मी
घालत घालत सांगते आहे.

एक राहिलं.
स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं की
जी भिंत झाकली जाते, तिथं हात फिरवून बघ.
पांढऱ्यात थोडं जास्त पांढरं लागेल.
एकोणीस कॅलेंडरं टांगली तिथं, एकाच खिळ्यावर,
दुधाचे बैसे, चतुर्थ्या, गोळ्या संपायच्या तारखा.
परवा टूथपेस्टनं बुजवलं,
वरून पिठाचं बोट फिरवलं.
काल खमीस आला. तळहात फिरवत
नेमका त्या दारामागे गेला, थांबला,
बोट नाकाशी नेलं. पुदिना.
माझ्याकडे बघितलं नाही.
दार होतं तसं उघडं लावलं
आणि अनामत रक्कम पुरी मोजून दिली.

म्हणून वर लिहिलं ते खरं आहे:
भिंतीला नवा खिळा मारू नकोस.
जुना ओट्याखालच्या खणात आहे,
काड्यापेटीत.

कुंदा सावर्डेकर
घर ३०४